तापल्यावर कडक होणारी कातडी

बहारीनच्या पूर्व किनाऱ्यावर अस्करजवळ 'अल्बा' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम बहारीन हा कारखाना आहे. १९७१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता वर्षाला १,२०,००० टन होती. २०१८ च्या डिसेंबरात तिथली सहावी लाइन चालू झाली आणि हा आकडा १५ लाख टनांच्या पलीकडे गेला. बेटावर बॉक्साइटची खाण नाही. अ‍ॅल्युमिनाची पांढरी भुकटी जहाजांतून येते. बहारीनचं स्वतःचं काय, तर जमिनीखालचा नैसर्गिक वायू आणि त्यावर चालणारी वीजकेंद्रं. या धंद्यात तेवढं पुरतं, कारण इथला खरा कच्चा माल वीजच. अ‍ॅल्युमिनामध्ये अ‍ॅल्युमिनियमनं ऑक्सिजनला इतकं घट्ट धरलेलं असतं की लोखंडासारखं नुसतं कोळशाबरोबर भट्टीत घालून काम भागत नाही. ९६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ती भुकटी विरघळवायची, त्यातून लाखो अँपिअरचा प्रवाह सोडायचा आणि ती मिठी सोडवत बसायचं. एक किलो धातूमागे १३-१४ युनिट वीज जाते, म्हणजे आपल्या घरच्या बिलावर छापलेली तीच युनिटं.

या मिठीचा राग यावा हे साहजिकच आहे. पण याच कारखान्यातून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम पुढे ज्या हत्यारांशी झुंजतं, त्या हत्यारांना वाचवायला हीच मिठी धावून येते. ती कशी, हे पाहायचं तर आधी धातूच्या मागोमाग जायला हवं.

अल्बाचा काही धातू बेटावरच राहतो आणि त्याच्या तारा, पत्रे, खिडक्यांच्या चौकटी होतात. चौकटींच्या पट्ट्या बनवते ती 'बाल्एक्स्को'. म्हणजे १९७७ साली स्थापन झालेली बहारीन अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रुजन कंपनी. स्लायडिंग खिडकीची पट्टी जवळून पाहिली तर तिच्यात खाचा, कंगोरे, पोकळ्या दिसतात. हे सगळं एका दमात होतं. अ‍ॅल्युमिनियमचा ओंडका, म्हणजे बिलेट, ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवतात आणि प्रचंड दाबानं पोलादी डायच्या भोकातून रेटतात. धातू वितळलेला नसतो, पण मऊ झालेला असतो. भोकाच्या आकाराची लांबच लांब पट्टी पलीकडून निघते. त्या भोकाच्या कडेवरची जेमतेम काही मिलिमीटरांची पट्टी, जिला कामगार 'बेअरिंग' म्हणतात, तीच सगळा आकार ठरवते. ती झिजली की खिडकीचं माप चुकलं. ती खरवडली की पट्टीभर ओरखडे.

तापलेलं अ‍ॅल्युमिनियम पोलादाला नुसतं घासत नाही, ते त्याला चिकटतं. संधी मिळाली तर लोखंडाशी संयोग करून ठिसूळ संयुगं बनवतं, ती तुटतात आणि जाताना डायचा कण सोबत नेतात. द्रवरूपात तर ते लोखंड चक्क विरघळवतं. डाय कास्टिंगवाले याला 'सोल्डरिंग' म्हणतात, आणि पुण्या-औरंगाबादच्या ज्या टूलरूममध्ये दुचाकींच्या इंजिनांचे साचे बनतात तिथे हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो.

पोलादाला पाणी देऊन कडक करणं लोहाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. डायसाठी वापरतात ते एच-१३ जातीचं पोलाद असं पाणी देऊन, पुन्हा तापवून ४५०-५०० विकर्सपर्यंत आणतात. विकर्स म्हणजे काठिण्याचं एक माप: हिऱ्याचा छोटा पिरॅमिड ठराविक जोरानं दाबायचा आणि खळगा केवढा पडला ते पाहायचं. खळगा लहान, तर आकडा मोठा. मनामाच्या सराफ बाजारातलं शुद्ध सोनं २५ विकर्सच्या आसपास, खिडकीची काच सुमारे ५००, वाळूतलं क्वार्ट्‌झ ११०० च्या वर. म्हणजे आपलं पाणी दिलेलं पोलाद वाळूच्या कणापुढे निम्मंसुद्धा नाही. यापेक्षा कडक केलं तर ते ठिसूळ होऊन तडकेल. गाभा चिवट हवा आणि पृष्ठभाग कठीण, अशी दुहेरी मागणी आहे, आणि इथे नायट्रोजन येतो.

नायट्रोजन हवेत ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडून बसलेले असतात, त्यामुळे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला कामाला लावायचा जुना मार्ग अमोनियाचा. योगायोग असा की बहारीनच्या सित्रा बेटावर गल्फ पेट्रोकेमिकल इंडस्ट्रीज हा कारखाना १९८५ पासून तेच करतोय: नैसर्गिक वायू आणि हवेतला नायट्रोजन यांपासून अमोनिया, बराचसा खतासाठी. एक्स्ट्रुजनच्या डायलाही अमोनियाच लागतो. बंद भट्टीत ५०० ते ५५० अंशांवर अमोनिया सोडला की तो पोलादाच्या अंगावर फुटतो, आणि सुटा झालेला नायट्रोजनचा अणू दुसरा जोडीदार मिळायच्या आत पोलादात शिरतो. आत क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम त्याची वाट पाहत असतात. त्यांची बारीक बारीक नायट्राइडं तयार होतात आणि पृष्ठभागाखालचा साधारण दशांश मिलिमीटरचा थर हजार विकर्सच्या घरात जातो. एक्स्ट्रुजनवाले काही बिलेटं काढली की डाय साफ करून पुन्हा नायट्रायडिंगला पाठवतात, आणि हे चक्र डायच्या आयुष्यात अनेकदा फिरतं.

इथपर्यंत नायट्रोजन पाहुणा म्हणून पोलादात शिरला. पुढची पायरी जास्त धिटाईची आहे. नायट्राइडची स्वतंत्र कातडीच बनवायची आणि हत्यारावर चढवायची. जाडी दोन ते पाच मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो.

हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल बिट पाहिलंय? ते टायटॅनियम नायट्राइड. हॉटेलांच्या लिफ्टला लावलेला सोनेरी स्टेनलेस पत्राही बहुतेक वेळा याचा किंवा याच्या चुलतभावाचा, झिर्कोनियम नायट्राइडचा असतो. रंग सोन्याचा, पण काठिण्य २००० विकर्सच्या वर: शुद्ध सोन्याच्या ८०-९० पट, क्वार्ट्‌झच्या जवळपास दुप्पट. वितळणबिंदू २९०० अंशांच्याही पुढे.

हा पदार्थ माणसानं नैसर्गिक रूपात पहिल्यांदा पाहिला तो भारतात पडलेल्या दगडात. २ डिसेंबर १८५२ रोजी गोरखपूरजवळ बस्ती इथे एक उल्का पडली. जॉर्ज ऑस्बर्न यांच्यामार्फत ती लंडनला पोचली आणि ब्रिटिश म्युझियमच्या नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन यांना तिच्यात सोनेरी, अष्टफलकी कण सापडले. अगदी सूक्ष्म. १८७० मध्ये त्यांनी या खनिजाला 'ऑस्बर्नाइट' नाव दिलं, पण त्याचं रसायन त्यांना नीट उलगडलं नाही. ते टायटॅनियम नायट्राइड आहे हे १९४१ मध्ये एफ. ए. बॅनिस्टर यांनी दाखवलं. पृथ्वीच्या पाठीवर ऑक्सिजन एवढा की टायटॅनियम त्याच्याच गळ्यात पडतो. त्याला नायट्रोजनशी घरोबा करायचा तर बहुतेक वेळा सूर्यमालेच्या बालपणातले ऑक्सिजनच्या दुष्काळाचे कोपरे लागतात, नाहीतर माणसानं बनवलेली निर्वात पेटी.

अशा पेट्या आज भोसरी-चाकण पट्ट्यात आहेत, तशा जगभर आहेत. बाहेरून मोठ्या कपाटासारखी दिसणारी ती पेटी आतून हवा उपसून रिकामी करतात. हत्यारं फिरत्या खांबांवर टांगलेली, ४५०-५०० अंशांना तापवलेली. भिंतीवर टायटॅनियमच्या तबकड्या. त्या तबकडीवर विजेची ठिणगी पेटवतात आणि ती विझू देत नाहीत. ठिणगीचा ठिपका काही मायक्रॉनचा, पण शंभर अँपिअरच्या आसपासचा प्रवाह तेवढ्यातून जातो, आणि त्या जागी धातू वितळण्याचीसुद्धा फुरसत न घेता वाफ होऊन, वर आयन होऊन उडतो. ठिपका तबकडीवर वेड्यासारखा नाचत राहतो. पेटीत थोडा नायट्रोजन सोडलेला असतो. आयनांच्या या ढगात, म्हणजे प्लाझ्मात, त्याचा तिहेरी बंधही टिकत नाही. हत्यारांना ऋण विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे आयन वेगानं येऊन त्यांच्यावर आदळतात आणि अणूवर अणू ठोकून बसवल्यासारखा थर वाढतो. तासाला मायक्रॉन-दोन मायक्रॉन. ठिणगीची ही पद्धत औद्योगिक स्वरूपात आणली ती सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकिव्हच्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेनं, १९७० च्या दशकात. तिथून परवाना अमेरिकेत गेला आणि सोनेरी ड्रिल जगभर झाली.

हे आदळणं महत्त्वाचं. त्यामुळे थरातले अणू दाटीवाटीनं बसतात, कण नॅनोमीटरांत मोजावे इतके बारीक राहतात आणि सगळी कातडी कायम आतल्या आत दाबलेली असते. भेग पडायची तर कुठेतरी ताण लागतो, आणि इथे दाब आधीच भरलेला, म्हणून भेगेला उघडायला आधी तो दाब संपवावा लागतो. शिवाय बंध असे की थोडे धातूसारखे, बरेचसे सिरॅमिकसारखे. धातू वाकतो तो अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात म्हणून. इथे रांगांना सरकायला वावच नाही. दाब फार वाढवला तर मात्र उलट होतं: कातडी स्वतःच्याच रेट्यानं हत्याराच्या धारेवरून उचलून येते. कोटिंगवाल्याची निम्मी अक्कल या एका समतोलात खर्च होते.

मग २००० विकर्स, ३००० विकर्स हे आकडे काढतात कसे? प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. तीन मायक्रॉनच्या थरावर नेहमीच्या जोरानं पिरॅमिड दाबला तर तो थर भेदून खालच्या पोलादाचंच मोजमाप करील. ढोबळ नियम असा की थराच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल जायचं नाही. म्हणजे खोली ०.३ मायक्रॉन, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी. एवढासा खळगा साध्या सूक्ष्मदर्शकातून नीट मोजताच येत नाही. म्हणून यंत्र खळगा पाहतच नाही. तिकोनी हिऱ्याचं टोक किती जोरानं किती आत गेलं आणि जोर काढल्यावर पदार्थानं त्याला किती परत ढकललं, याचा आलेख काढतं आणि त्यावरून काठिण्य ठरवतं. या आलेखाचं गणित ओलिव्हर आणि फार या दोघांनी १९९२ मध्ये मांडलं आणि आज प्रयोगशाळा त्यावर चालतात. शॉपफ्लोअरवरची जाडीची परीक्षा मात्र मजेदार आणि ओबडधोबड आहे: पोलादी गोळी हिऱ्याच्या लेपात भिजवून थरावर फिरवायची, बशीसारखा खड्डा पाडायचा आणि कडेला दिसणारी वर्तुळं मोजायची. खड्ड्याचा उतार इतका सौम्य असतो की तीन मायक्रॉनचा थर डोळ्यांना रुंद कड्यासारखा दिसतो.

नुसत्या काठिण्यानं भागत नाही, हे सोनेरी ड्रिलवरच कळलं. पोलाद कापताना हत्याराच्या टोकाशी ८००-९०० अंशांची धग निर्माण होते, कोरडं कापलं तर आणखी. टायटॅनियम नायट्राइड वितळायला २९०० अंश लागतात खरे, पण हवेत ते ५५०-६०० अंशांवरच हार मानू लागतं. ऑक्सिजन आला की टायटॅनियम नायट्रोजनला सोडतो आणि जुन्या ओढीनं ऑक्साइड होतो. हे ऑक्साइड जास्त जागा मागतं, सच्छिद्र असतं, पोपडे होऊन निघतं. निघालं की खालचा थर उघडा. वितळणबिंदूच्या पाचव्या हिश्शातच खेळ खलास!

उपाय निघाला तो असा: टायटॅनियमच्या तबकडीत अ‍ॅल्युमिनियम मिसळा. थर टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा झाला, सोनेरी रंग जाऊन जांभळट-काळा आला, काठिण्य ३००० च्या वर गेलं आणि उष्णता सोसण्याची हद्द ८०० अंशांपर्यंत सरकली. टायटॅनियमऐवजी क्रोमियम घेतलं तर हजाराच्याही पुढे. कारण? थर तापला की पृष्ठभागाजवळचं अ‍ॅल्युमिनियम वर येतं आणि ऑक्सिजनला मिठी मारतं. अ‍ॅल्युमिना. अस्करला लाखो अँपिअर ओतून तोडावी लागते तीच. आता मात्र ती हवीहवीशी: काही नॅनोमीटरांची दाट, बिनभोकाची साय, जिच्यातून पुढचा ऑक्सिजन आत शिरायला कमालीचा वेळ लागतो. ओरखडा पडला तर खालून आणखी अ‍ॅल्युमिनियम येऊन ती पुन्हा धरते. अल्बाचं वीजबिल आणि या कातडीची तग, दोन्हींचं कारण एकच रासायनिक हट्ट. मला तरी या साऱ्या प्रकरणात याहून देखणं काही दिसत नाही.

किंवा एक गोष्ट आहे, तोडीस तोड. अ‍ॅल्युमिनियमला टायटॅनियम नायट्राइडच्या घनाकार जाळीत राहायचं नसतं. त्याच्या नायट्राइडची आवडती रचना षट्कोनी. ५०० अंशांच्या पेटीत अणू येऊन आदळतात आणि हलायच्या आत गोठतात, म्हणून ते नाइलाजानं राहतं, तेही धातूंमधला त्याचा वाटा साधारण दोन-तृतीयांशाच्या आत असेल तरच. आता हे हत्यार कापायला लागलं, टोक ८००-९०० अंशांना तापलं. अणूंना थोडी हालचाल सुचते. ते फार दूर जाऊ शकत नाहीत, पण शेजारच्या शेजारी पांगापांग होते: इथे टायटॅनियमचं दाट बेट, तिथे अ‍ॅल्युमिनियमचं, प्रत्येक काही नॅनोमीटरचं. जाळी अजून अखंड, पण दोघांच्या मापात किंचित फरक असल्यामुळे सगळीकडे ताण. या ताणातून अणूंच्या रांगांना सरकणं आणखी कठीण जातं. म्हणजे थर तापल्यावर मऊ व्हायच्या ऐवजी कडक होतो, आणि होतो तोही नेमका धारेपाशी, जिथे गरज आहे तिथे. २००३ मध्ये पॉल माय्‌रहोफर, लार्स हुल्टमन आणि त्यांच्या ऑस्ट्रियन-स्वीडिश सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. कारागीर त्याच्या बऱ्याच आधीपासून हे हत्यार वापरत होते. ते इतकं का टिकतं, याचा हा उलगडा होता.

एक्स्ट्रुजनवाल्यांना यात नवल वाटू नये. डायमधून निघालेली खिडकीची पट्टी तशीच वापरली तर हातानं वाकेल. तिला ओव्हनमध्ये १८० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. आत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू एकत्र येऊन सूक्ष्म पुंजके धरतात, रांगा अडतात, पट्टी कडक होते. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म यांना अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा हा गुण सापडला होता. तीच युक्ती एकदा १८० अंशांवर मालात आणि एकदा ९०० अंशांवर हत्यारात चालते. फरक इतकाच की हत्याराला ओव्हन लागत नाही, काम हेच त्याचं ओव्हन.

हद्द अर्थात इथेही आहे. आणखी तापवा, हजार अंशांच्या पुढे न्या, की अ‍ॅल्युमिनियमची बेटं आपल्या आवडत्या षट्कोनी रचनेत जातात, फुगतात आणि काठिण्य उतरायला लागतं. ही पायरी लांबवण्यासाठी थरात सिलिकॉन किंवा टँटॅलम यांसारखी तिसरी चौथी मूलद्रव्यं घालण्याचे प्रयोग चाललेले असतात. आणि कातडीखालचं अंग मऊ असेल तर सगळंच फुकट. गादीवर काचेचं तावदान ठेवून त्यावर पाय दिल्यावर जे होईल तेच होतं. म्हणून अनेकदा डायला आधी अमोनियाचं नायट्रायडिंग आणि मग वर नायट्राइडची कातडी, असा दुहेरी बंदोबस्त करतात.

बहारीनला दुसरीही एक गोष्ट मुबलक आहे: वाळू. अमेरिकन नौदलाचं पाचवं आरमार मनामाच्या जुफैर भागातून चालतं आणि सुरुंग शोधणारी त्यांची अवजड एमएच-५३ई हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं या बेटावर तैनात होती. त्यांच्याच कुळातल्या सीएच-५३ हेलिकॉप्टरांनी १९९१ च्या आखाती युद्धात वाळूचा हिसका पाहिला. पंख्यानं उडवलेली वाळू इंजिनात जाते, कॉम्प्रेसरची पाती भणाणत फिरत असतात, आणि क्वार्ट्‌झचा ११०० विकर्सचा कण सुमारे ३५० विकर्सच्या टायटॅनियम मिश्रधातूवर गोळीसारखा आदळतो. पात्यांच्या कडा कुरतडल्या जातात, इंजिनाचा दम जातो. त्यांच्या टी-६४ इंजिनांच्या पात्यांना मग टायटॅनियम नायट्राइडची कातडी चढवली गेली, आणि हे तंत्र मूळचं रशियन. शीतयुद्ध नुकतंच संपलं होतं, म्हणून एवढं जमलं.

इथे अ‍ॅल्युमिनियमचा उष्णतेचा खेळ फारसा लागत नाही. कॉम्प्रेसरच्या पुढच्या पायऱ्या काही शे अंशांतच राहतात, तेवढं साध्या टायटॅनियम नायट्राइडलाही झेपतं. लागतं ते वाळूहून कठीण असणं, आणि तेही एका अटीवर. वाळू तिरकी घासत गेली तर कठीण थर जिंकतो. ती सरळ समोरून आदळली तर मात्र कठीण म्हणजे ठिसूळ, आणि थर टवक्यांनी उडू शकतो. म्हणून नायट्राइडचा एक पापुद्रा, मग मऊ धातूचा एक, पुन्हा नायट्राइड, असे थर रचतात, की वरच्या पापुद्र्यातली भेग खालच्या मऊ धातूत थांबावी. इंजिनाच्या मागच्या, हजार अंशांपलीकडच्या भागात तर धूळ वितळून काचेसारखी पात्यांवर साचते. तिथे या कातडीचा उपयोग नाही, तिथलं औषध वेगळं.

डायच्या बाबतीतही काठिण्याचा आकडा शेवटचा शब्द नसतो. एक्स्ट्रुजन संपलं की डायच्या भोकात अ‍ॅल्युमिनियम घट्ट अडकून राहतं. ते काढायला डाय गरम कॉस्टिक सोड्यात बुडवतात. सोडा अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, पोलादाला हात लावत नाही. पण अ‍ॅल्युमिनालाही सोडा सोडत नाही. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढतात तो गरम कॉस्टिक सोड्यानंच. तेव्हा डायवर कोणती कातडी चढवायची हे ठरवणारा माणूस विकर्सच्या आधी विचारतो की ही सोड्याच्या पिंपात किती वेळा जाऊन येईल.